शून्याच्या आड

क्लेमेंटीन डाबरेंची आणि माझी ओळख कागदांवरून झाली. बालविकास प्रकल्पाच्या एका कार्यालयात मी आवक-जावक टेबलावर बसते. अंगणवाडीच्या बायका महिन्याचे अहवाल घेऊन येतात, मी शिक्का मारते, वहीत क्रमांक टाकते आणि कागद पुढच्या टेबलावर जातो. बहुतेक जणी कागद ठेवून घाईने निघून जातात. क्लेमेंटीनबाई मात्र प्रत्येक कागदाची पोच मागून घ्यायच्या आणि शिक्क्याची शाई वाळेपर्यंत उभ्या राहायच्या. त्यावरून आमच्याकडे त्यांची थट्टा व्हायची. मीही हसले आहे.

त्या गास गावच्या. घरची छोटी वाडी आहे, त्यात केळी आणि थोडा मोगरा. नवरा प्लासिड कंपनीतून निवृत्त झाल्यावर ती वाडी बघतो. बाई मात्र गेली सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका आहेत, त्यातली चौदा तुळिंजच्या एका चाळीत. रोज सकाळी बसने नालासोपाऱ्याला यायचं, रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला उतरायचं आणि शेअर रिक्षाने तुळिंज गाठायचं. अंगणवाडी म्हणजे भाड्याची एक खोली. भिंतीवर फळांचा तक्ता, कोपऱ्यात वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी. यादीत लहानमोठी मिळून साठेक मुलं.

बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. दर महिन्याला सेविका प्रत्येक मुलाचं वजन आणि उंची घेते आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये भरते. उंचीच्या मानाने वजन बरं असेल तर हिरवा रंग येतो, मूल खंगत चाललं असेल तर पिवळा आणि तीव्र कुपोषित असेल तर लाल. लाल आलं की त्या मुलाला दवाखान्यात पाठवायचं असतं, त्याच्यासाठी वेगळा आहार सुरू करायचा असतो, आणि वरपर्यंत जाब द्यायचा असतो. हे शेवटचं कुणालाच नको असतं.

आठ वर्षांपूर्वी बाईंनी एकदा लाल मुलीला पिवळी केली होती. तेव्हाच्या सुपरवायझरने सांगितलं, उंची दोन-तीन सेंटिमीटर कमी टाका, आपोआप पिवळं येईल. बाईंनी टाकली. मुलगी दीड वर्षांची होती. पिवळी असल्यामुळे तिला कुणी दवाखान्यात पाठवलं नाही. पुढच्या महिन्यात तिचं कुटुंब खोली सोडून गेलं, कुठे ते चाळीत कुणालाच माहीत नव्हतं. ती जगली की गेली हे बाईंना आजपर्यंत कळलेलं नाही. "मेली असं कळलं असतं तर मी रडून मोकळी तरी झाले असते," असं त्या मला एकदा म्हणाल्या. तेव्हापासून त्या प्रत्येक कागदाची पोच घेतात.

यंदा महापालिकेची निवडणूक लागायची होती. तुळिंजच्या त्या भागातल्या एका इच्छुक उमेदवाराने आपला प्रभाग कुपोषणमुक्त करून दाखवल्याचं जाहीर करायचं ठरवलं. त्यासाठी त्याने काय केलं होतं, तर दोन वेळा अंगणवाड्यांमध्ये केळी वाटली होती. तारीख ठरली, मांडवाची जागा ठरली, फलक छापायला गेले. वरून आमच्या कार्यालयात तोंडी निरोप आला की त्या भागातल्या चोवीस अंगणवाड्यांमध्ये लाल शून्य दिसलं पाहिजे. लेखी काही नव्हतं. असल्या गोष्टी लेखी येत नाहीत.

त्या चोवीस अंगणवाड्यांच्या सुपरवायझर वसुंधरा मॅडम. त्यांना वाईट म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी नऊ वर्षं बसलेय. दर महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत ज्यांच्याकडे लाल मुलं असतात त्यांनाच बोलतं केलं जातं, तेही सगळ्यांसमोर, आणि जाब विचारणारा आवाज मुलांबद्दल काहीच विचारत नाही, आकडा का वाढला एवढंच विचारतो. त्या बैठकीच्या दिवशी मॅडम सकाळपासून पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. आठ दिवसांत तेवीस अंगणवाड्यांचे आकडे शून्यावर आले. चोविसाव्या अंगणवाडीत एक उरला. ती क्लेमेंटीनबाईंची होती.

त्या एकाचं नाव विघ्नेश. सव्वीस महिन्यांचा. वजन सात किलो चारशे, दंडाचा घेर अकरा सेंटिमीटरच्या जरा वर. त्याचे आईबाप, ऋतिका आणि कृष्णा, दीड वर्षापूर्वी जिंतूरकडून आलेले. कृष्णा रोजंदारीच्या कामासाठी मजूर नाक्यावर उभा राहायचा. त्याचं नेहमीचं बांधकाम बंद पडलं आणि दीड महिना तो बरेचसे दिवस नाक्यावरूनच परत येत होता. ऋतिका वसई पूर्वेला एका गाळ्यात इमिटेशनच्या माळा ओवायला जायची. मूल शेजारणीकडे. शेजारीण त्याला चहात बुडवलेलं बिस्किट द्यायची, कारण तिच्याकडेही तेच असायचं. अंगणवाडीतून विघ्नेशच्या नावाने आहाराची पाकिटं मिळत, पण पाकीट घरात आलं की ते सगळ्यांचंच होतं.

मॅडमनी बाईंना फोन केला, मग स्वतः अंगणवाडीत गेल्या.

"डाबरेबाई, उंची परत घ्या. पोरगं हलत असेल."

"हलत नव्हता, मॅडम. हलायची ताकद नाही त्याच्यात."

मॅडम म्हणाल्या की निवडणूक होऊन जाऊ दे, पुढच्या महिन्यात आपण त्याला लाल दाखवू, तोवर तुम्ही त्याला गुपचूप जास्त आहार द्या, मी विचारणार नाही. सेविकांच्या संपाच्या वेळी नोटिसा कशा येतात ते बाईंनी पाहिलं होतं. मानधनावरची नोकरी जायला काही लागत नाही. तरी संध्याकाळी त्यांनी ॲपमध्ये तोच आकडा भरला आणि फोन पर्समध्ये तळाशी टाकून दिला, वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर ऋतिकाच येऊन उभी राहिली. तिचीही मागणी तीच होती. "बाई, पिवळं लिहा. दवाखान्यात चौदा दिवस बसले तर गाळ्यावर दुसरी बाई येईल." बाईंनी सांगितलं की आईची बुडीत मजुरी मिळते. ऋतिकाने विचारलं, कधी? ती कधी मिळते हे बाईंना चांगलं माहीत होतं. मागे उभा असलेला कृष्णा तोवर बोलला नव्हता. जाताना तो म्हणाला, "पोराला उपाशी लिहिलंत. त्याच्यासमोर माझंही नाव लिहा मग."

हे बाईंना सगळ्यात जास्त लागलं. साहेब लोकांच्या दबावाची त्यांना सवय होती. पण ज्याच्यासाठी हे करायचं तोच बाप आपल्याकडे शत्रूसारखा बघतोय, याची नव्हती. घरी प्लासिडने सरळ सांगितलं की एका आकड्यासाठी सगळ्यांना अंगावर घेऊ नकोस, त्या पोराच्या आईलाही नको आहे तर तुला का हवं? दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जरा लवकर निघाल्या आणि पिशवीत उकडलेली दोन अंडी घेतली. अंडं आपल्यासमोर मुलाला भरवायचं, घरात न्यायला द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

तर खोलीला कुलूप.

शेजारीण म्हणाली, काल दुपारी सामान घेऊन गेले. भांडी एका गोणीत, गादी रिक्षाच्या टपावर. कुठे गेले ते सांगितलं नाही. बाई कुलपासमोर किती वेळ उभ्या राहिल्या ते त्यांना आठवत नाही. आठ वर्षांपूर्वी ज्या चाळीत त्या अशाच एका बंद दारासमोर उभ्या राहिल्या होत्या, ती तिथून चार गल्ल्या पलीकडे होती.

त्यांनी मॅडमना फोन करून सांगितलं. मॅडमचा आवाज एकदम सैल झाला. त्या म्हणाल्या, खोली रिकामी आहे ना, मग स्थलांतरित टाका. ॲपमध्ये तसा पर्याय असतो. एकदा दाबलं की मूल यादीतून जातं आणि त्याबरोबर त्याचा लाल रंगही. "यात खोटं काहीच नाही, डाबरेबाई," मॅडम म्हणाल्या, आणि ते खरं होतं. आकडा बदलायचा नव्हता, उंची कापायची नव्हती, जे घडलंय तेच नोंदवायचं होतं. बाईंनी पर्याय उघडला. बोट बटणावर नेलं. मग फोन बंद केला आणि दोन दिवसांची रजा टाकली. सव्वीस वर्षांत त्यांनी इतक्या घाईने रजा कधी टाकली नव्हती.

आधी त्या वसई पूर्वेच्या गाळ्यावर गेल्या. तिथल्या मुकादमाने सांगितलं की ऋतिका परवाच काम सोडून गेली, एव्हरशाईन सिटीत धुण्याभांड्याची कामं धरलीत म्हणे. एव्हरशाईन सिटी म्हणजे काही एक इमारत नाही. बाई एकेका सोसायटीच्या फाटकावर जाऊन वॉचमनला विचारत राहिल्या, जिंतूरकडची बारीक बाई, कडेवर मूल, पाहिलीत का? बहुतेक वॉचमन म्हणाले, रोज अशा पन्नास येतात. दुपारपर्यंत त्यांचे पाय सुजले. एका दुकानापाशी त्या पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की मूल गावाकडे नेलं असेल तर आपण इथे वेड्यासारखं फिरतोय.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एका सोसायटीतला वॉचमन म्हणाला, बाई वर काम करतेय, पोर इथेच आहे. जिन्याखाली वीजमीटरच्या पेट्यांजवळ गोणपाटावर विघ्नेश निजला होता. बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. अंग भाजत होतं. ओठ सुकले होते. त्यांनी हाक मारली तर त्याने डोळे उघडले, पण बघितलं नाही.

ऋतिका खाली आली, बाईंना पाहून जिन्यातच बसली आणि रडू लागली. मग कळलं काय ते. उमेदवाराचा एक कार्यकर्ता घरी येऊन गेला होता. त्याने सांगितलं होतं की लाल यादीतलं मूल सरकार उचलून नेतं आणि आईबापावर केस करतं, म्हणून निवडणूक होईपर्यंत इथून दूर राहा. वसई पूर्वेला गाववाल्याच्या खोलीची व्यवस्थाही त्यानेच सुचवली होती. दोन दिवस ताप होता, पण दवाखान्यात नेलं तर नाव लागेल, या भीतीने त्यांनी नेलं नव्हतं.

बाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. त्यांनी तिला समजावलं नाही, की तिच्यावर रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "केस झाली तर माझ्यावर होऊ दे. आता ऊठ."

रिक्षात मूल बाईंच्याच मांडीवर होतं. सरकारी दवाखाना येईपर्यंत त्या त्याच्या छातीवर हात ठेवून होत्या. सिग्नलला रिक्षा थांबली की हाताखालची हालचाल जाणवायची, चालू लागली की नाही जाणवायची, आणि मग त्या वाकून कान लावायच्या. दवाखान्यात काट्यावर सात किलो भरले, बरोबर सात. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, हा लाल कधीपासून आहे? बाईंनी तारीख सांगितली. ते म्हणाले, तेव्हाच का नाही आणलं? मुलाला दाखल करून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कृष्णा वॉर्डच्या दारापर्यंत यायचा आणि आत यायचा नाही. ज्या प्लासिडने एका आकड्यासाठी कशाला म्हणून विचारलं होतं, तो रोज दुपारी बसने ऋतिकासाठी डबा घेऊन येऊ लागला. एकदा त्याने कृष्णाला दारातच गाठलं आणि आत नेलं. दोघं काय बोलले ते बाईंना माहीत नाही. त्यानंतर कृष्णा आत बसू लागला.

पाचव्या दिवशी बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. हाताने लिहिलेलं पत्र होतं, दीड पान. मूल स्थलांतरित नाही, दवाखान्यात आहे, तीव्र कुपोषित म्हणूनच माझ्या यादीत राहील, सोबत दवाखान्याच्या कागदाची प्रत. पोच हवी होती.

सकाळीच मला सांगण्यात आलं होतं की कार्यक्रम होईपर्यंत त्या भागातला कुठलाही कागद आवक करून घेऊ नका. माझ्या घराचा हप्ता आहे, मुलगी बारावीला आहे. मी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. वसुंधरा मॅडम शेजारच्या टेबलावरून माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि प्रत त्यांच्या हातात दिली. यात मोठेपणा काही नाही. त्यानंतर दोन आठवडे साहेबांची बेल वाजली की मी हातातलं काम सोडून त्यांच्या दाराकडे बघायचे.

कार्यक्रम ठरल्या दिवशीच झाला. फलकही तोच लागला. सेविकांना साड्या नेसून यायला सांगितलं होतं. बाई गेल्या, कारण न जाणं म्हणजे घाबरणं झालं असतं. मांडवाच्या मागे त्यांनी मॅडमना गाठून सांगितलं, की मला स्टेजवर बोलवा, मी येईन, पण माइक दिला तर एक आहे असं सांगेन. त्यांना कुणी बोलावलं नाही. उमेदवाराने शून्य हा शब्द चार वेळा उच्चारला, टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ दिले गेले. बाई शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिल्या. मी त्यांच्या शेजारी होते. आमच्या पुढच्या रांगेत बसलेल्या सेविकांपैकी तिघी-चौघी मागे वळून त्यांच्याकडे बघत होत्या, आणि टाळ्या वाजवत नव्हत्या.

पुढच्या महिन्याचे अहवाल माझ्या टेबलावर आले तेव्हा मला आकडे दोनदा मोजावे लागले. चोवीस अंगणवाड्यांमध्ये अकरा लाल. त्या मुलांना महिनाभरात काही झालं नव्हतं. ती आधीपासूनच लाल होती, फक्त त्यांच्या सेविकांनी या वेळी उंची नीट मोजली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एकेकीने येऊन कागद ठेवला आणि हळूच म्हटलं, पोच द्या.

इथे सगळं नीट झालं असं सांगायला मला आवडलं असतं. तो उमेदवार निवडून आला. विरोधकांनी कुठून तरी अकराचा आकडा मिळवला आणि शून्याचे अकरा कसे झाले म्हणून गोंधळ घातला. नगरसेवकाने उत्तर दिलं की काही कर्मचारी राजकीय हेतूने आकडे फुगवतात. दोन्ही बाजूंनी आकडा फडकत राहिला. अकरांपैकी एखादं तरी मूल काय खातं, हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आणि क्लेमेंटीनबाईंना नोटीस आली. इतर सेविकांना चिथावणी देऊन कुपोषणाचं प्रमाण वाढवल्याबद्दल खुलासा करावा. नोटिशीचा मसुदा वसुंधरा मॅडमनी केला होता. टाइप करायला दिला तेव्हा त्यांनी माझ्यासमोर चष्मा काढून डोळे पुसले, आणि मग म्हणाल्या, तारीख आजची टाका.

चौकशी अजून चालू आहे. बाई दोनदा येऊन बसून गेल्या, दोन्ही वेळा साहेब बैठकीत होते. खालच्या पायरीवर बसून त्यांनी मला विचारलं, की नोकरी गेली तर माझी ती साठ पोरं कुणाकडे जातील? ज्या बाईकडे जातील ती काटा नीट लावेल का? स्वतःबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, पण त्या वाळल्या आहेत. प्लासिड सांगतो, फोन वाजला की जेवणावरून उठते.

अकरांपैकी नऊ मुलांना उपचार मिळाले. विघ्नेश दवाखान्यातून बाहेर पडला तेव्हा आठ किलो होता आणि ॲपमध्ये पिवळा. ऋतिका आणि कृष्णा तुळिंजच्या जुन्या चाळीत परत आले, दुसऱ्या खोलीत. ऋतिकाला गाळ्यावर परत घेतलं नाही. एव्हरशाईनमधलं एक घर तिने धरून ठेवलंय. कृष्णाला कधी काम मिळतं, कधी नाही.

गेल्या गुरुवारी वजनाचा दिवस होता. चौकशीची पुढची तारीख कळवायला मी स्वतःच तिकडे गेले होते, म्हणून मला हे दिसलं. सगळी मुलं होऊन गेली, साडेबारा वाजले, तरी ऋतिका आली नव्हती. बाई दर दोन मिनिटांनी दारात जात होत्या, गल्लीत बघत होत्या, परत येऊन काट्याचं शून्य तपासत होत्या. माझ्याशी बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून उठत होत्या. एक वाजायला आला तेव्हा ऋतिका धापा टाकत आली, कामावर उशीर झाला म्हणाली. विघ्नेशला काट्यावर ठेवलं. तो आता हलत होता, रडत होता, काट्याची कड धरून खाली उतरू बघत होता. बाई आकडा स्थिर व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या.

मागच्या महिन्यापेक्षा दीडशे ग्रॅम कमी.

ऋतिकाने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंनी मूल उचललं, अंगातला शर्ट काढला आणि पुन्हा ठेवलं. मग पेन घेतलं आणि जो आकडा आला होता तो वहीत लिहिला.